हीटर गेला

आमची गाडी सकाळी सुरू होत नाही, ही गोष्ट आमच्या सोसायटीत ज्याला ठाऊक नव्हती असा एकच जीव होता. तो म्हणजे दुसऱ्या मजल्यावर बाळंतपणाला आलेल्या मुलीचं अठ्ठावीस दिवसांचं बाळ. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेही पहाटे पाच चाळीसला आमच्या सेल्फच्या आवाजाने दचकून उठू लागलं, आणि मग अज्ञानी असं कुणी उरलंच नाही.

तशी गाडी वाईट नाही. तेरा वर्षं वापरलेली, चार सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर बी.कॉम. या पदवीचा होता. मी ती एप्रिलमध्ये घेतली. नाशिकचा एप्रिल म्हणजे बॉनेटवर पापड भाजून घ्यावेत असा. त्या दिवसांत गाडी किल्ली नुसती दाखवली तरी सुरू व्हायची. आधीच्या मालकाने ती नेमकी एप्रिलमध्येच का विकली, हा प्रश्न मला डिसेंबरमध्ये पडला.

गाडी घ्यायचं कारण आमची ही. ती शिकवते ती शाळा सकाळी सातला भरते आणि घरापासून चौदा किलोमीटरवर आहे. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापली जाते, आणि रजा कापली गेली की त्या दिवशी आमच्या घरी फक्त भांडी बोलतात. तेव्हा पाच चाळीसला उठून गाडी 'गरम करून ठेवणं' हे माझं काम ठरलं होतं. निफाडच्या पाऱ्याची बातमी पहिल्या पानावर आली की आमच्याकडेही आठ-नऊ अंशांवर सगळं गारठलेलं असतं. मी किल्ली फिरवायचो. सेल्फ खर्र-खर्र-खर्र करून घसा साफ करायचा, पण बोलायचा काहीच नाही. आठव्या-दहाव्या प्रयत्नाला एक सिलिंडर कुठेतरी 'धप्' म्हणायचा, बाकीचे तिघे गप्प. मागच्या नळीतून पांढरा धूर निघायचा आणि तो थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीवर. काकू त्या वेळी तुळशीला पाणी घालत असायच्या. त्यांनी मला कधी शाप दिला नाही, पण पाणी घालताना तोंडातलं स्तोत्र थोडं मोठ्याने व्हायचं.

मग वरचे नाना माकडटोपी घालून खाली येत. नाना निवृत्त आहेत आणि त्यांना सकाळी करण्यासारखं दुसरं काही नाही. ते दूधवाल्याला, पेपरवाल्या पोराला आणि वॉचमनला गोळा करीत आणि "हं, साहेब, दुसऱ्या गिअरमध्ये टाका!" अशी आज्ञा करून गाडीला धक्का देत. फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत थोडा उतार आहे. हा उतार नसता तर आमचा संसार टिकला नसता. पंधरा दिवसांत या मंडळाला इतकी शिस्त आली, की एका सकाळी मला ताप होता म्हणून मी गाडी काढली नाही, तर नानांनी वर येऊन रागाने विचारलं, "आधी सांगायला काय होतं?"

आपल्याकडे दोन दुखणी अशी आहेत की ज्यांचं निदान कुणीही करू शकतो: एक पोटाचं आणि दुसरं गाडीचं. आमच्या शाखेत मी विषय काढायचा अवकाश, हेड कॅशियर म्हणाले, "बॅटरी. डोळे मिटून बॅटरी बदला." मी डोळे मिटून ५,४०० रुपयांची बॅटरी घेतली. आता सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात खर्र-खर्र करू लागला, एवढाच फरक. मग विम्याचं काम बघणारा एकजण म्हणाला, "डिझेलमध्ये पाणी जातंय, फिल्टर बदला." ६५० रुपये. मग एक ग्राहक, म्हणजे मुदत ठेवीची पावती न्यायला आलेले गृहस्थ, काउंटरच्या काचेखालून अर्धा चेहरा घालून म्हणाले, "सेल्फ स्लो असेल हो. कार्बन झिजले असतील." सेल्फ उतरवला, भरून आणला. २,८०० रुपये. एकूण आठ हजार आठशे पन्नास झाले आणि नाना होते तिथेच होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी वीस वर्षं बँकेत आहे. संध्याकाळी हिशेबात नव्वद रुपयांचा फरक आला तर मी कधी खिशातून नव्वद रुपये काढून टाकत नाही. फरकाला नवाने पूर्ण भाग जातो का ते आधी बघतो. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत, पंचेचाळीसचे चोपन्न केलेत, असा वास येतो. मग एकेक व्हाउचर घेऊन टिक, टिक, टिक. फरक अंदाजाने सापडत नाही, हे मी नव्या पोरांना चष्मा कपाळावर चढवून सांगत असतो. आणि तोच मी गाडीच्या बाबतीत ज्याने जे नाव घेतलं ते खातं नावे टाकत सुटलो होतो!

शेवटी एका मोठ्या गॅरेजात गेलो. तिथे वातानुकूलित खोलीत बसवून कॉफी देतात. तेव्हाच मला समजायला हवं होतं. एक टापटीप तरुण वही घेऊन आला आणि हळू आवाजात, जसं ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सांगतात तसं, म्हणाला, "साहेब, कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. अडतीस हजार धरून चाला." कॉफी संपवून मी घरी आलो आणि पीएफमधून कर्ज काढायचा अर्ज भरायला घेतला. कारण या रकान्यात काय लिहावं याचा विचार करताना रात्रीचे दहा वाजले.

आता अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका गॅरेजात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. मेटॅडोर, जीप, ट्रॅक्टर, जे येईल ते. मला बँकेचं नेमणूकपत्र आलं तेव्हा त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले आणि मग पत्र हातात घेतलं, तरी त्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटलाच. ते पत्र अजून माझ्या फायलीत आहे. "तुझे हात असेच पांढरे राहू देत," म्हणाले होते. गाडी घेतली त्या दिवशी ते बॉनेट उघडायला पुढे झाले, तर मी म्हटलं, "अण्णा, आता या वयात कशाला हात घाण करता? आराम करा." मी हे काळजीने म्हटलं होतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं. अण्णांनी हात मागे घेतला आणि त्यानंतर गाडीला बोट लावलं नाही. त्या वातानुकूलित गॅरेजातल्या तरुणाने घरी कोण कोण असतं असं विचारलं तेव्हाही मी "वडील रिटायर्ड आहेत" एवढंच म्हणालो होतो. कशातून रिटायर्ड, ते सांगितलं नाही.

याच अण्णांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पेपरमागून, मला सांगितलं होतं, "हीटर बघ."

मी हसून म्हटलं, "अण्णा, नाशिकला गाडीत हीटर कशाला? काचा वर करून बसतो की!"

अण्णांनी पेपर खाली करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा वर केला. बॅटरी आणली त्या दिवशी ते दुसऱ्यांदा म्हणाले, "हीटर बघितलास का?" मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते, म्हणून मी येताना त्यांना एक स्वेटर आणला. तिसऱ्यांदा ते काही म्हणाले नाहीत. तो स्वेटर मात्र घालून बसत.

अर्जाच्या रात्री ही म्हणाली, "अहो, अण्णा ते हीटर हीटर काय म्हणत होते, ते एकदा नीट विचारलंत का?"

विचारलं. अण्णांनी उत्तर द्यायच्या आधी मलाच चार प्रश्न विचारले. धूर कोणता, पांढरा की निळा? पांढरा. दुपारी, बँकेतून निघताना, गाडी कशी उठते? अर्ध्या सेल्फात. उन्हाळ्यात त्रास होता का? मुळीच नव्हता. सुरू झाल्यावर सुरुवातीला थरथरते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी शांत होते का? होते.

"मग कॉम्प्रेशन कसलं जातंय?" अण्णा म्हणाले. "कॉम्प्रेशन गेलं असतं तर गरम गाडीनेही सेल्फ खाल्ला असता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन म्हातारं झालं. पांढरा म्हणजे डिझेल न जळता तसंच बाहेर येतंय. हीटर प्लग गेलेत तुझे."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी तुम्हाला व्याजासकट देतो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबतात, आमच्यासारख्या इंजिनात जवळजवळ विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यापर्यंत, की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि डिझेल आत पडताच आपोआप पेटतं. सायकलचा पंप मारताना खालून हाताला चटका बसतो, तेच हे. पण थंडीत लोखंड गार असतं, दाबलेल्या हवेची ऊब ते पिऊन टाकतं. त्यात आमच्या गाडीसारख्या जुन्या धर्तीच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या खोलीत पडतं, आणि त्या खोलीच्या भिंती ऊब जास्तच खातात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला पेन्सिलीएवढा एकेक विजेचा प्लग दिलेला असतो. त्याचं टोक काही सेकंदांत आठशे अंशांच्या वर जाऊन लाल होतं. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजात हीटर. मी ज्याला स्वेटर नेऊन दिला तो हा.

त्या रात्री मला झोप आली नाही म्हणून मी मोबाइलवर डिझेलसाहेबांचं चरित्र वाचलं. रुडॉल्फ डिझेल, जन्म पॅरिसचा, १८५८ चा. १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला त्यांचं इंजिन नीट चाललं. आणि सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हा माणूस रात्रीतून नाहीसा झाला. कर्जबाजारी होता म्हणून, असं काही म्हणतात. कुणी आणखी काही. माझा आपला वेगळा तर्क आहे. बोटीवर कुणीतरी डिझेल इंजिन घेतलेला प्रवासी भेटला असेल आणि म्हणाला असेल, "बरं झालं भेटलात! सकाळी जरा उठत नाही हो!"

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता. हिला नानांच्या कृपेने शाळेत पोचवून मी परत आलो तर अण्णा खाली गाडीच्या जागेपाशी उभे. अंगात जुना खाकी शर्ट आणि हातात मागच्या दिव्याचा एकवीस वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या. हा बल्ब आमच्या घरात कुठे होता हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर पिवळा पिळाचा दिवा लागतो आणि विझतो, तेव्हा हीटर चालू असणार ना?" मी तेवढ्यात अक्कल दाखवून घेतली.

"तो दिवा घड्याळावर चालतो," अण्णा म्हणाले. "प्लग तापला का, हे जुन्या गाडीत त्याला ठाऊक नसतं." आमच्या शाखेतल्या 'आम्ही आपल्या सेवेस तत्पर आहोत' या पाटीची मला आठवण झाली.

चारही प्लगांच्या डोक्यांवरून एक पत्र्याची पट्टी जाते; तिच्यातून चौघांना करंट मिळतो. आधी पट्टीपर्यंत करंट येतो का ते बघायचं. बल्बची एक वायर पट्टीला, एक इंजिनाच्या लोखंडाला, आणि मी किल्ली फिरवली. बल्ब लागला. म्हणजे फ्यूज आणि रिले शाबूत. मग बॅटरीची वायर सोडवून पट्टी काढली, बॅटरी पुन्हा जोडली. आता एकेक प्लग एकेकटा. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या डोक्याला. प्लग जिवंत असेल तर त्याच्यातून वाट मिळून बल्ब लागणार. आतली तार तुटली असेल तर नाही लागणार.

पहिल्या प्लगवर बल्ब लुकलुकला. लागला, विझला, लागला. मी म्हटलं, "अण्णा, हा अर्धवट गेलाय वाटतं." अण्णा काही बोलले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, वायर धरलेला त्यांचा हात कापत होता. दोन वर्षं झाली, घरात त्यांना चहासुद्धा अर्धा पेलाच देतो आम्ही.

"तू धर," ते म्हणाले. "मी बघतो."

मी वायर धरली. पहिला: लख्ख. दुसरा: अंधार. तिसरा: अंधार. चौथा: अंधार. टिक, टिक, टिक, टिक. पाच मिनिटंही लागली नाहीत. चारातला एकच कर्मचारी हजर होता आणि बाकीच्या तिघांची हजेरी तोच लावत होता. असली शाखा मी पाहिलेली आहे. अण्णा म्हणाले, पूर्वी काही गाड्यांत हे प्लग दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असत. एक गेला की सगळे बंद, म्हणजे लगेच कळायचं. आता प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून एक या थंडीत जातो, एक पुढच्या, आणि मालकाला पत्ता लागत नाही.

गाडी गरम होती म्हणून तात्पुरती पट्टी लावून तशीच पार्टच्या दुकानाकडे काढली. अण्णा पुढच्या सीटवर. आग्रा रोडवर एका ठिकाणी त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. तिथे उड्डाणपुलाचा खांब आहे. "इथे माझी पेटी असायची," म्हणाले. मी गाडी जरा हळू केली. पण मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

दुकानदाराने चार प्लग काउंटरवर ठेवले. तीनशे पासष्टला एक, म्हणजे चौदाशे साठ. मी तीनच मागत होतो, अण्णा म्हणाले, "चारही. चौथा त्यांच्याच वयाचा आहे." मग त्यांनी खिशातून तो बल्ब काढला आणि दुकानदाराच्या बॅटरीवर एकेक प्लग तपासायला मला लावलं. दुकानदार म्हणाला, "काका, सीलबंद नवा माल आहे."

"असू दे. माझा मुलगा बँकेत आहे," अण्णा म्हणाले. "नवं कोरं बंडलही मोजून घेतो."

दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं. अण्णांनी मला कुणापुढे मिरवल्याचं मला आठवत होतं. पण उलट कधी घडल्याचं मात्र, बरंच आठवूनही, आठवेना.

घरी येऊन गरम इंजिनावरच प्लग काढायला घेतले. गरम असताना ते सहज सुटतात; गार इंजिनावर जोर केला की मोडतात. पहिले दोन सुटले. चौथाही सुटला. तिसरा हलेना. मी पाय रोवला, पान्याला दोन्ही हात लावले आणि तिजोरीचं दार ओढावं तसा जोर करणार, तोच अण्णांचा कापरा हात माझ्या हातावर आला.

"थांब. मोडला तर टोक आत राहील आणि हेड उतरवावं लागेल. मग त्या पोराचे अडतीस हजार खरे होतील."

मी जागच्या जागी गोठलो. पीएफचा अर्ज वर टेबलावर, सही करायचा राहिलेला.

मग आम्ही प्लगच्या गळ्याशी तेल सोडलं आणि थांबलो. हिने शाळेतून आल्यावर चहा आणून दिला. अण्णांना पेला भरून दिला, बहुधा विसरून, आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून बॉनेटच्या कडेला टेकवून प्यायला, एक थेंब सांडला नाही. "आता थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा," अण्णा सांगत होते. "अर्धा रुपया घ्यायचा, चार आणे परत द्यायचे. असं करत करत तो येतो." पाऊण तास हा व्यवहार चालला. माझी बोटं काळी झाली, नखं काळी झाली, कपाळावर घाम पुसल्याची रेघ उमटली. शेवटी प्लग बाहेर आला तेव्हा त्याचं टोक फुगून फुटल्यासारखं झालं होतं; म्हणूनच तो अडकत होता. नाना एव्हाना वरून खुर्ची घेऊन येऊन बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

भोकांतली काजळी पुसून नवे प्लग आधी बोटांनी बसवले, मग पान्याने अगदी बेताने आवळले. त्यातला एक बसवण्यापूर्वी अण्णांनी तो शिकंजात धरून बॅटरीला लावून दाखवला. पाच-सहा सेकंदांत टोक लालभडक. तेवढ्यात ही उदबत्ती घेऊन आली होती, नव्या वस्तूला ओवाळायला. अण्णांनी तिच्या हातून ती घेतली आणि सरळ प्लगच्या टोकावर पेटवली. आमच्या घरात प्लगची पूजा प्लगनेच झाली. शिकंजा नानांचा होता, हे नमूद न केल्यास ते रागावतील.

सोमवारी पाच चाळीसला मी खाली गेलो. नऊ अंश. अण्णा स्वेटर घालून फाटकाशी उभे. नाना, दूधवाला आणि वॉचमन नेहमीच्या जागी, मागच्या डिकीला हात लावून तयार. किल्ली फिरवली, पिवळा दिवा लागला, विझला, आणि सेल्फने एकदाच 'खर्' म्हणताच गाडी उठली. हात टेकलेले नाना पुढे झुकायचे ते झुकले आणि डिकीवर आपटले. "हे काय!" ते म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून नाराज झाले होते.

अण्णा जवळ आले, बॉनेटवर कान ठेवल्यासारखे वाकले, अर्धा मिनिट ऐकत राहिले.

"चौथ्याचं नॉझल जरासं ठोकतंय," म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."

सहा पंचविसाला आम्ही शाळेत पोचलो. शिपाई अजून आला नव्हता आणि फाटकाला कुलूप होतं. ही गाडीत बसून वह्या तपासत होती, आणि बोटं गारठल्यामुळे तिचा प्रत्येक शेरा वाकडा येत होता. "अहो," ती म्हणाली, "या गाडीत बसायला हीटर नाही का?"